आपल्या गल्लीचा अर्ज

आई, आज सकाळी नगर निगमातून एक मुलगी घरी आली होती. गावाच्या तक्रारींचं काम आता तिच्याकडे आहे. लोक तिला मोबाइलवर तुंबलेल्या गटाराचे फोटो पाठवतात. हे काम गावात पहिल्यांदा ज्याने केलं तो म्हातारा अजून जिवंत आहे आणि त्याला बोलायला फार आवडतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तासभर बोललो, तिला दोनदा चहा पाजला आणि तुझी गोष्टही सांगितली. ती गेल्यावर वाटलं की सांगितलं ते सगळं खरं होतं, पण सगळं सांगितलं नव्हतं. म्हणून लिहायला बसलोय.

तुला ते दिवस आठवत असतील. नवं राज्य झालं होतं. नागपूरला जाणारे कागद भोपाळला जायला लागले, दप्तर मराठीतून हिंदीत उतरत होतं आणि निम्म्या बाबूंना उरलेल्या निम्म्यांचं लिहिलेलं वाचता येत नव्हतं. त्या गोंधळात लोकांची गाऱ्हाणी कुणी ऐकेना. तेव्हा ठरलं की ऐकणारा माणूस पालिकेचाही नको आणि मेंबरांचाही नको. मी तहसिलीत कारकून, दोन्ही भाषा लिहिणारा, नाकासमोर चालणारा, मला बसवलं. सोमवारी आणि गुरुवारी व्हरांड्यात टेबल, एक रजिस्टर, समोर बाक. हुकूम द्यायचा अधिकार मला नव्हता. दोन्ही बाजू ऐकायच्या, जागेवर जाऊन बघायचं आणि लेखी मत द्यायचं. पालिकेने ते मानलं नाही तर का मानलं नाही, हे तिने लिहून द्यायचं. लोक मला शिकायतवाले साहेब म्हणू लागले. तू विचारायचीस, साहेब, भाजीत मीठ कमी पडलं तर अर्ज हिंदीत द्यायचा की मराठीत?

ऐकायचं कसं, हे मात्र मला तहसिलीत कुणी शिकवलं नव्हतं. ते मी आपल्या स्वयंपाकघरात पाहिलं होतं. गल्लीतल्या बायका भांडून तुझ्याकडे यायच्या. तू भाकरी थापत असायचीस, थापतच राहायचीस. पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवायचीस आणि त्यांचं बोलणं पार संपेपर्यंत हूं की चूं करायची नाहीस. मग तवा उतरवून एवढंच विचारायचीस, "हे झालं. आता तुला पाहिजे काय?" आणि बाई गप्प व्हायची, कारण गाऱ्हाणं एक असतं आणि पाहिजे असतं ते वेगळंच. तोच प्रश्न मी टेबलावर नेला. एक जिलेबीवाला दुकानापुढच्या मोरीबद्दल पाय आपटत आला. सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं, तर म्हणाला, मोरी मी स्वतः साफ करून घेईन, पण तुमचा सफाईचा जमादार मला गिऱ्हाइकांसमोर अरेतुरे बोलला, ते त्याने मागे घ्यावं. जमादाराने दुकानात जाऊन हात जोडले. मोरीही साफ झाली. पालिकेने माझ्या मतावर 'मान्य' असं लिहिलं तेव्हा मी घरी येताना तुझ्यासाठी त्याच दुकानातली मावा जिलेबी आणली होती.

आणि मग आपल्या गल्लीचा अर्ज आला. राजपुऱ्यातल्या आपल्या गल्लीला एकच सार्वजनिक नळ, आणि त्याची धार करंगळीएवढी झालेली. एक घागर भरायला अर्धा तास. बायका दोन गल्ल्या ओलांडून विहिरीवर जायच्या. शेजारच्या काकूंचा एक पाय अधू, घरात दुसरं कुणी नाही. त्यासुद्धा जायच्या, पायरी उतरताना भिंतीला धरून. मी रोज ऑफिसला निघताना त्यांना पाहायचो. अर्ज त्यांनीच पुढाकार घेऊन दिला होता. मी तो गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला. नवा अर्ज आला की तो त्याच्या वर. मनाशी म्हणायचो, साहेबाने पहिलं पाणी स्वतःच्या दारात आणलं असं गावाने बोलायला नको. लोक आपला तो बाळ्या करतात; मी आपल्या बाळ्यालाच कार्टं केलं आणि त्याला न्याय म्हटलं. चार महिने. तू घरी एक शब्द बोलली नाहीस. घागर ठेवायचीस, चुंबळ सोडवायचीस आणि मला वाढायचीस.

एका गुरुवारी मान वर करतो तर बाकावर तू. डोक्यावरून पदर, तुझ्या पुढे तीन माणसं, मागे दोन. मी उठून जवळ आलो आणि हळूच म्हणालो की आई, घरी बोलू. तू बसल्या जागेवरून म्हणालीस की नंबर आला की बोलते. तुझा नंबर आला. मी सगळ्यांना विचारतो तसं नाव विचारलं, गल्ली विचारली, तू सांगितलीस. गाऱ्हाणं सांगितलंस, ते मी लिहिलं. शेवटचा प्रश्न राहिला होता. बाजूचे दोन बाबू टाक खाली ठेवून बघत होते. मी विचारलं, तुम्हाला पाहिजे काय?

"मले काहीच नको, भाऊ," तू म्हणालीस. आपल्याकडे आया मुलांना म्हणतात तसं भाऊ. "मले घागर उचलता येते. तिले नाही येत. तुही इमानदारी तिनं डोक्यावर काबरं वाहायची?"

आईच्या अर्जावर मुलाने मत द्यायचं नसतं, म्हणून तहसीलदारांना लिहिलं आणि त्यांनी इंदूरकडून बदलून आलेल्या एका नायब साहेबांना पाठवलं. त्यांना मराठी येत नव्हती आणि तुझी हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावलेलं. तरी तुमचं छान जमलं. गल्लीच्या तोंडाशी एका फरशीखाली व्हॉल्व्ह निघाला, अर्धा बंद. दुरुस्तीच्या वेळी ज्याने तो बंद केला त्याची बदली झाली होती आणि नव्या माणसाला तिथे व्हॉल्व्ह आहे हेच ठाऊक नव्हतं. तो उघडायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तुझा चहासुद्धा उकळला नव्हता. नळ खळखळला, काकूंनी घागर लावली, ती भरून वाहायला लागली तरी त्या काढेनात. मी शेजारी उभा होतो. त्यांनी मला आशीर्वाद दिला, आणि तो मला घेववेना.

संध्याकाळी रजिस्टरमध्ये त्या अर्जापुढे लिहिलं: उशीर माझ्याकडून, कारण अर्जदार माझ्या गल्लीतले. नायब साहेब म्हणाले की ये बात मत लिखिए, नौकरी का सवाल है. मी खोडलं नाही. नोकरीही गेली नाही. पण कानाला खडा लावला: अर्ज आला त्या नंबराने घ्यायचा, आपला म्हणून आधी नाही आणि आपला म्हणून मागेही नाही. पुढची एकवीस वर्षं हे काम केलं आणि सुखाने केलं. सगळं जमलं असं नाही, पण बाकावरून उठणारा माणूस आला त्यापेक्षा जरा सरळ चालत गेला, असं पुष्कळदा झालं. तू गेलीस तेव्हा दारात जी गर्दी होती तिच्यातली निम्मी त्या बाकावर बसून गेलेली होती. मला बरं वाटलं होतं. आजही वाटतं.

आजच्या मुलीला मी इथपर्यंत सांगितलं. तिने वहीत 'इमानदारी' असं लिहून खाली रेघ मारली. तूही तोच शब्द वापरला होतास. पण आई, ती इमानदारी नव्हती. काकूंच्या अर्जाखाली सह्या नव्हत्या, गल्लीतल्या बायकांचे अंगठे होते, आणि प्रत्येकीपुढे कुणीतरी नाव लिहिलेलं. तिसरा तुझा. अर्ज वर काढला असता तर तो त्या दोन बाबूंच्या हातून गेला असता, आणि दोन भाषा लिहिणाऱ्या साहेबाच्या आईला सही येत नाही हे ऑफिसला कळलं असतं. मला त्याची लाज वाटत होती. गाव काय बोलेल वगैरे बाकी सगळं मी नंतर जोडलं. त्या गुरुवारी तू सगळ्यांसमोर शाईत अंगठा बुडवलास, कागदावर नीट टेकवलास, आणि माझ्याकडे न बघता पुसलास. तुला कळलं होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही. तू असतीस तरी मी ते पाठवलं नसतं, कारण तुला ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं.