मातीची रेघ कुठून आली

३ मार्च, सकाळी ७.१०
बेडरूमच्या चौकटीवर मातीची रेघ. काल नव्हती. बायको म्हणाली, वाळवी आहे. मी म्हटलं, ते दिसतंय. आली कुठून ते बोल. विमा कंपनीत बावीस वर्षं लोकांचे दावे तपासतोय. आपोआप काही होत नसतं. ही भिंत आमची आणि शेजाऱ्याची सामाईक आहे. तूर्त एवढीच नोंद.

४ मार्च
जिन्यात शेजारी भेटला. स्वतःहून विचारलं, "काय, सगळं ठीक ना?" आजच बरं विचारावंसं वाटलं! बायको म्हणते, ते रोज विचारतात.

६ मार्च
बायकोने परस्पर वाळवीवाल्याला बोलावलं. हातात बंद पेटी. मी म्हटलं, आधी उघडून दाखवा. तो म्हणाला, औषध आहे. मी विचारलं, तुम्हीच वाळवी घेऊन येत नाही कशावरून? त्याने माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, पेटी उचलली आणि गेला. निर्दोष माणूस इतका चिडत नाही. बायको म्हणाली, निर्दोष माणूसच चिडतो. दोघांचं आधी काहीतरी बोलणं झालेलं असणार.

७ मार्च
संकल्प: बंदोबस्त स्वतः करणार. साहित्य: रॉकेल, सिरिंज, टॉर्च. काम संपवायला चार दिवस भरपूर झाले.

८ मार्च
रेघ सुकली. विजय. घरभर वास. बायको खिडकीत बसून जेवली. नाटकी स्वभाव.

११ मार्च
रेघ परत. आता हातभर लांब, बायकोच्या शिवणकामाच्या टेबलामागे. म्हणजे माझा प्लॅन फुटला. घरात आम्ही दोघंच. मी कुणाला सांगितलेला नाही.
बायको म्हणाली, टेबल भिंतीपासून ओढून घेऊ. सक्त मनाई केली. पुरावा हलवायचा नसतो. खडूने खुणा केल्या आहेत.

१३ मार्च, संध्याकाळी
स्क्रू ड्रायव्हर मागायच्या निमित्ताने शेजाऱ्याकडे. त्याच्या बाजूने भिंत वाजवून पाहिली. ठणठणीत. संशय यावा इतकी ठणठणीत. तो म्हणाला, दोन वर्षांपूर्वी औषध मारून घेतलं, तेव्हा तुम्हालाही विचारलं होतं, दोन्हीकडे एकदमच करू. तर तुम्ही म्हणालात, यात तुमचा फायदा काय ते आधी लेखी द्या.
मला आठवत नाही. वाक्य मात्र माझंच वाटतं.

१६ मार्च
बायकोने टेबलाचा खण उघडला. खाकी कागदावरचे तिचे कटिंगचे नमुने, अठरा वर्षांचे. उचलले तर हातात भुगा. गिऱ्हाइकांच्या मापांची वही वरून अख्खी, आत नुसती जाळी. ती खाली बसून एकेक कागद झटकत राहिली. मी म्हटलं, बघ, मी म्हणत होतो ना, यामागे कुणीतरी...
वाक्य पुरं केलं नाही.

१७ मार्च
बायको बोलत नाही. चहा मिळतो.
खडूच्या खुणा पुसल्या.

१८ मार्च
वाळवीवाल्याला मीच फोन केला. माफी मागितली नाही. 'गैरसमज' हा शब्द मात्र तीनदा वापरला. तो म्हणाला, येतो, पण साहेब, तुम्ही घरात नको. फोन स्पीकरवर होता. मी विचार करून सांगतो म्हणेपर्यंत बायको स्वयंपाकघरातून "चालेल" म्हणाली. दोन दिवसांतला पहिला शब्द.

२० मार्च, सकाळी ११.२०
शेजाऱ्याच्या सोफ्यावर बसून लिहितोय. भिंतीपलीकडे ड्रिल चालू. मध्येच ड्रिल थांबलं आणि बायको हसल्याचा आवाज आला. कशावर हसली असेल? माझ्या नजरेवरून शेजारी ओळखून चुकला. म्हणाला, "लावा कान, मी आत जातो." आणि खरंच गेला.
लावला. वाळवीवाला विचारत होता, ताई, तुम्ही इतकी वर्षं कसं निभावता?
बायको म्हणाली, "सवय होते."