चार फूट साडेदहा इंच

१ एप्रिल १९७९, रविवार

गाडी आली. टोयोटा कोरोला, मॉडेल १९६८. पाडव्याचा मुहूर्त हुकला, पण जपानमध्ये पाडवा नसतो.

रंग पांढरा. माझी बायको चित्रा म्हणते पिवळट. रहाटणीच्या चांदभाई मेकॅनिकने मुंबईतल्या लिलावात घेतली होती, एका परदेशी वकिलातीची. स्वतः चालवत चिंचवडला आणून दिली.

पूजा केली. हळदकुंकू, नारळ, चारही चाकांखाली लिंबू. लिंबू चिरडून गाडी पुढे न्यायची असते. चांदभाई माझ्यापुढे किल्ली धरून उभा राहिला. म्हणालो, संध्याकाळी नेऊ. तो म्हणाला, लिंबू वाळंल, साहेब.

संध्याकाळी पाहुणे आले. नेणे राहिले.

चित्राची शाळा आळंदीला. ११ जूनपासून सकाळचे सत्र, ठोका सातला. चिंचवडहून भोसरीला बस बदलून पहिल्या बसने निघालेली बाईही साडेसातनंतर पोहोचते. मागच्या वर्षी उशिराचे तीन शेरे झाले. मुख्याध्यापक म्हणाले, चौथा झाला तर नोकरी कायम करणे माझ्या हातात नाही. किंवा मग आळंदीतच खोली घेऊन राहा.

संकल्प : ११ जूनला सकाळी सहा वाजता चित्राला या गाडीने शाळेत सोडायला निघणे. त्यानंतर रोज. हातात सत्तर दिवस. मी कंपनीत प्लॅनिंगमध्ये आहे. सत्तर दिवस म्हणजे चैन.

३ एप्रिल

कंपनीच्या लायब्ररीतून मासिक आणले. टोयोटाचा इतिहास वाचला.

मूळ पुरुष सुताराचा मुलगा. घरात आई मागावर राबायची. त्याने माग सुधारायला घेतला आणि आयुष्यभर तेच केले. शेवटी असा माग केला की एक धागा तुटला तरी यंत्र आपोआप थांबते. चुकीचे कापड विणतच नाही. पुढे त्या मागाचे हक्क इंग्रजांनी विकत घेतले. मुलाने त्याच कारखान्याच्या एका कोपऱ्यात मोटार करायला सुरुवात केली.

थांबणाऱ्या मागातून धावणारी गाडी निघाली. वाक्य चांगले आहे. चित्राला वाचून दाखवले. ती वह्या तपासत होती. म्हणाली, छान. मग अकरा तारखेला सहालाच निघायचं ना?

८ एप्रिल, रविवार

बॉनेट उघडून इंजिन पुसले. आपल्याकडच्या गाड्यांत हात घातला की हात काळा होतो. इथे फडके काळे झाले, हात नाही.

डिस्ट्रिब्यूटरची कॅप, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डबीचे झाकण, काढून आत पाहिले. फार नीटनेटके आहे. कॅप हातातून निसटली. शहाबादी फरशी अनावश्यक कठीण असते. कॅपला तडा.

गाडी सुरू होत नाही.

चांदभाईला बोलावले. त्याने कॅप कानाशी नेऊन टकटक केली, जसा कुंभाराकडे माठ वाजवतात. म्हणाला, फियाटची कॅप घासून बसवतो, साहेब. अर्ध्या तासाचं काम. मी म्हणालो, या गाडीत फियाटचा एक स्क्रूही जाणार नाही. चांदभाई म्हणाला, मग गाडी पण नाही जाणार.

हजरजबाबी माणूस आहे. पण दृष्टी नाही.

१० एप्रिल

जपानला पत्र टाकले. कॅप मागवली. नागोयाजवळ एका गावाने आपले जुने नाव टाकून टोयोटा हे नाव घेतले आहे. गाडीवरून गावाला नाव! आमच्या भागात एवढे कारखाने आले, एका गावानेही असे मोठे मन दाखवलेले नाही.

पत्ता त्यामुळे सोपा. टोयोटा, टोयोटा, जपान.

तीन आठवडे जायला-यायला, एक आठवडा त्यांना विचार करायला. ८ मेपर्यंत कॅप हातात.

दरम्यान ड्रायव्हिंग शिकणे. हे राहिले आहे. अँबेसेडरवर शिकलो असतो तर पायांना वाईट सवयी लागल्या असत्या. म्हणून मुद्दाम राखून ठेवले होते.

२१ एप्रिल

आज वेगळाच प्रसंग. स्कूटरच्या डीलरकडून पत्र. १९७० साली चित्राच्या नावाने नंबर लावला होता, तो नऊ वर्षांनी लागला. तीस दिवसांत संमती कळवावी, नाहीतर नंबर पुढच्याला.

दारात कोरोला उभी असताना स्कूटर घ्यायची म्हणजे पंगत वाढलेली असताना चणे खाण्यासारखे आहे. शिवाय चित्राला कळले तर ती स्कूटर शिकते म्हणेल. आळंदी रस्त्यावर ट्रक असतात. तिच्या काळजीपोटी पत्र गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले. लपवले नाही. गाडीला कुलूप असते, एवढेच.

१ मे, सुट्टी

शेडचे काम सुरू. ऊन लागून रंग उडेल. घर आणि कंपाउंड यांच्यामध्ये पट्टा आहे, त्यात बसवायची. कोरोलाची रुंदी चार फूट साडेदहा इंच, लांबी बारा फूट सात. आतली रुंदी पाच फूट दोन ठरवली. दोन्ही अंगांना दोन-दोन बोटे.

किसन गवंडी चाकणकडचा. बराच वेळ फूटपट्टीकडे पाहत बसला. म्हणाला, व्हय साहेब, बसंल. पन मानूस कुठनं उतरायचा?

त्याला समजावले. जपानी पद्धतीत वाया जाणारी जागा हा दोष समजतात. जे लागत नाही ते ठेवायचे नाही. किसन म्हणाला, मानूस लागत न्हाई व्हय?

१३ मे, रविवार

शेड पूर्ण. किसन आणि त्याच्या भावाने गाडी ढकलली. मी स्टिअरिंगवर. चाकांखालची लिंबे इतकी वाळली होती की चिरडली नाहीत, गोटीसारखी उडाली. एक शेजारच्या यशवंतरावांच्या म्हशीने खाल्ले.

गाडी अचूक आत गेली. एक ओरखडा नाही.

दार उघडत नाही. काच खाली होते, पण बाहेर भिंत. वीस मिनिटे आत होतो. मग मागच्या बंपरला दोर बांधून दोघांनी मला बाहेर ओढले. यशवंतराव कंपाउंडवर कोपर टेकून पाहत होते. म्हणाले, राव, आमच्यात वासराला असंच वडत्यात.

तोडगा काढला. चालवताना गाडी बाहेर असणारच. शेडमध्ये ती ठेवायची आहे, चालवायची नाही. म्हणजे मुळात दोषच नाही.

१५ मे

कॅप नाही. पोस्टमनला विचारले. तो म्हणाला, जपानचं काय येणार आहे, साहेब, घड्याळ का?

आजचे वाचन : १९५८ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेत पहिली गाडी पाठवली. तिथल्या लांबलचक रस्त्यांवर तिचा दम निघाला. गाडी मागे घेतली. रडले नाहीत. काही वर्षे गप्प राहून नवी गाडी घेऊन गेले आणि लोकांनी घेतली. आता तिथे रांगा लागतात. लोक सांगतात, कारण एकच. सकाळी किल्ली फिरवली की सुरू होते.

हे वाक्य दोनदा वाचले.

चित्राने जेवताना विचारले, अहो, स्कूटरचा नंबर आला का हो? जोशीबाईंचा आला, त्यांनी आपल्यानंतर लावला होता. मी म्हणालो, डीलर लोकांचं काही खरं नसतं. हे खोटे नाही.

२१ मे

काही विशेष नाही.

(डीलरच्या पत्राचा तिसावा दिवस.)

२७ मे, रविवार

ड्रायव्हिंगचा सराव सुरू. रोज कामावरून आल्यावर किसन आणि त्याचा भाऊ मला गाडीसकट आत ढकलतात आणि तासाभराने ओढून काढतात. समोर भिंत असल्याने लक्ष विचलित होत नाही. क्लच, गिअर, क्लच. आज तिसऱ्या गिअरपर्यंत गेलो. वेग ताशी तीस मैल असावा.

चांदभाई बॅटरी चार्ज करून द्यायला आला होता. मागच्या काचेतून थोडा वेळ पाहून गेला. बॅटरीचे पैसे मागितले नाहीत. त्याच्याबाबतीत हे नवीन आहे.

मासिकात होते की कोरोला काढताना प्रतिस्पर्ध्याचे इंजिन हजार सीसीचे निघणार असे कळले. यांनी ऐन वेळी शंभर वाढवले. गरज होती म्हणून नाही. गिऱ्हाइकाला चार बोटे ऐसपैस वाटावे म्हणून.

शेड दोन बोटे कमी झाली का, असा विचार क्षणभर आला.

३ जून, रविवार

चित्राने खोली पाहिली. आळंदीत, इंद्रायणीच्या बाजूला, अरुंधती कुलकर्णी म्हणून तिच्या शाळेतल्या बाई आहेत त्यांच्या शेजारी. सोमवार ते शनिवार तिथे. रविवारी घरी. मला विचारले नाही, सांगितले.

मी म्हणालो, अजून आठ दिवस आहेत. कॅप समुद्रात असेल. ती म्हणाली, मधुसूदनराव. ती पूर्ण नावाने हाक मारते तेव्हा शाळेत असल्यासारखे वाटते. म्हणाली, चांदभाई म्हणतात अर्ध्या तासात सुरू करतो. करू द्या ना. मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तुमच्या त्या जपानी बाबाचा माग एक धागा तुटला तरी थांबायचा ना? तुम्ही किती तुटल्यावर थांबता?

उत्तर उद्या देईन.

४ जून

उत्तर : माग आणि गाडी यांत फरक आहे. चित्रा शाळेत गेली होती. भिंतीला सांगितले.

१० जून, रविवार, गाडीत

चित्रा आज जाणार. निघायचे दुपारी चारला, असे ठरले होते. सामान दारात पाहायला नको म्हणून सकाळी सातलाच आत ढकलून घेतले. किसनला सांगितले, अकराला ये.

चौथा गिअर.

सव्वानऊला बाहेर चांदभाईची तीनचाकी वाजली. त्याला दुपारी दुसरे भाडे लागले, म्हणून सामान आत्ताच नेणार. इथेच आकुर्डीत तयार झालेली रिक्षा, मागे पत्र्याचा हौदा. आरशात दिसत होते. ट्रंक. गादीची वळकटी. स्टोव्ह. दोन नव्हे, एकच ताट.

चित्रा शेडपाशी आली. मागच्या काचेवर बोटाने वाजवले. म्हणाली, दूध तापवून ठेवलंय. वरण झाकलंय. बाहेर येता का? मी मान हलवली. दोन्ही अर्थ होतील अशी.

ती म्हणाली, जपून चालवा.

तेव्हा का कोण जाणे, डॅशबोर्डचा कप्पा उघडला. पत्र होते. पहिल्यांदा पाहावे तसे पाहिले. चित्रा मधुसूदन लेले यांस. नऊ वर्षे. तारीख गेली. तरीही सांगायला हवे होते, आत्ता, ती हौद्यात बसायच्या आत. दार ढकलले. भिंत. ओरडलो, काचा बंद होत्या. एक काच खाली केली. पुन्हा भिंत.

हॉर्न वाजवला. लांब, तीनदा. फार स्वच्छ आवाज आहे.

चित्राने वळून हात हलवला. तिला वाटले, निरोप.

चांदभाईने किक मारली. पहिल्या किकला सुरू झाली.

किसन पावणेबाराला आला.

१४ जून

जपानचे पत्र आले, असे पोस्टमन म्हणाला. पळत गेलो. माझेच पत्र होते. तिकीट अपुरे म्हणून परत. दोन महिने पोस्टातच पडून होते. ते जपानच्या दिशेने पिंपरीपर्यंत गेले होते.

वरण जमत नाही.

१७ जून, रविवार

चित्रा आली नाही. पेपर तपासायचे आहेत, असा निरोप आला.

दुपारी रहाटणीला चालत गेलो. चांदभाईला म्हणालो, फियाटची बसव. तो टोमणा मारेल म्हणून वाटभर तयारी केली होती. त्याने फक्त कानस उचलली. त्याच्या बायकोने, नूरबीने, चहा दिला आणि विचारले, बाई कशा हायेत तिकडं? मी म्हणालो, मजेत. मला ठाऊक नव्हते.

घरी येऊन त्याने गाडी बाहेर ओढली. कॅप बसवली. सव्वीस मिनिटे. किल्ली फिरवली. सुरू झाली. अकरा वर्षांचे इंजिन, आणि आवाज असा की शेजारी झोपलेले मूल उठू नये.

चांदभाई उतरून बाजूला झाला. दार धरून म्हणाला, बसा. जा आळंदीला.

मी बसलो. पायाखाली तीन पेडल होती. शेडमध्येही तीनच होती. पण समोर रस्ता होता, त्यावर यशवंतरावांची म्हैस होती.

म्हणालो, चांदभाई, मला येत नाही.

तो म्हणाला, ते तर लिंबू ठेवलं त्याच दिवशी कळलं, साहेब. सरका. मी नेतो.

म्हणालो, नको. मालकाने स्वतःच्या गाडीत पाहुण्यासारखे बसून जाणे बरे दिसत नाही. तो म्हणाला, बाई शिकल्या असत्या हो आठ दिवसांत. स्कूटर पण, मोटार पण. मग गाडी ढकलायला लागला.

आत घालू नको, म्हणालो. बाहेरच राहू दे.

१८ जून, सोमवार, आळंदी

पहाटेच्या पहिल्या बसने निघालो. खिशात स्कूटरचे पत्र. भोसरीला बदलली. पोहोचलो तेव्हा शाळेच्या घड्याळात सात अडतीस. चित्राचा हिशोब बरोबर होता.

प्रार्थना कधीच संपली होती. खिडकीतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. पोरे एका सुरात काहीतरी म्हणत होती. तिच्या आवाजात घाई नव्हती.

शाळा साडेअकराला सुटते. दगडी ओट्यावर बसलो. तिला काय सांगायचे ते पाच मुद्द्यांत लिहून काढले. चार खोडले. उरला तो : नंबर लागला होता.

शिपाई चिमाजी पाणी घेऊन आला. कोन पायजे, विचारले. लेले बाई, म्हणालो. तुम्ही त्यांचे कोन? सांगितले. तो एकदम अदबीने उभा राहिला. म्हणाला, अरे वा, बाई सांगत होत्या, तुमच्याकडं जपानची गाडी हाय. तिनंच आला असाल.

त्याने फाटकाबाहेर रस्त्यावर दोन्हीकडे पाहिले.

म्हणालो, जरा लांब लावली आहे.