पास्कोलचा जबाब

११ जानेवारी, रविवार

"वसई-विरारकरांनो, नळाला पाणी नाही म्हणून आपण टँकर बोलावतो, आणि तोच टँकर आपल्या गल्लीतून माणसं चिरडत जातो!" सुरुवात हीच ठेवायची. पुढे मुद्दा एकच. चालकाला नाही, मालकाला धरा. परवाना नसलेल्या माणसाच्या हातात चावी दिली कोणी? इथे थांबायचं, पाणी प्यायचं.

(संध्याकाळी) सभा चांगली झाली. चौक भरलेला. "चावी दिली कोणी" ला लोक उभे राहिले.

पास्कोल नेहमीप्रमाणे गाडीत. पाऊण तास झाला की त्याने हॉर्न वाजवायचा असं आमचं ठरलेलं आहे, नाहीतर मी थांबत नाही. आज पन्नास मिनिटांनी वाजवला. म्हणाला, "बाई, पाच मिनटं तुला जास्त दिली. चावीचा भाग बरा व्हता. पन तो इतिहास कमी कर. लोकांना घरी जाऊन जेवायचं असतं."

चौथीपर्यंत एका वर्गात होतो आम्ही. मी शिक्षिका झाले तेव्हापासून 'बाई' म्हणतो, पण 'तू' काही सोडलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

वालपापडी निवडत होते, पास्कोल आला. उद्या त्याच्या पुतणीचं लग्न, सांडोरला. "बाई, उद्या गाडी नेतो." मागितली नाही, सांगितलं. आमच्याकडे असंच. गाडी मागणं म्हणजे परकं होणं. लायसन दाखव असं तर कोणी कोणाला म्हटल्याचं मी आमच्या गिरीज गावात जन्मात ऐकलेलं नाही.

आणि ही गाडी तरी माझी कुठे? हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. मला चालवता येत नाही. तेव्हापासून सभा, बँक, डॉक्टर, सगळीकडे पास्कोलच नेतो. एक पैसा घेत नाही. घे म्हटलं तर दोन दिवस येत नाही.

चावी दिली. म्हटलं, पेट्रोल भरू नकोस. भरणारच.

१८ जानेवारी, रविवार

अपघात.

लग्नाचा केक आणायला पास्कोल गोखिवऱ्याला गेला होता. परत येताना वळणावर एक स्कूटरवाला गाडीखाली आला. चूक कोणाची ते अजून कळत नाही. पास्कोलनेच त्याला उचलून गाडीत घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. मागच्या सीटवर तो मुलगा आडवा, पुढे तीन मजली केक.

मी पोचले तेव्हा पास्कोल बाकावर. लग्नाचा कोट, बाहीवर रक्त. मला बघून पहिलं वाक्य: "केकला काय नाय झालं." आणि मग रडायला लागला.

मुलाचं नाव सुनील. गोखिवऱ्याला प्लॅस्टिकच्या कारखान्यात मशीनवर उभा असतो. उजवा पाय मांडीत मोडला. ऑपरेशन उद्या. आई गावाहून निघाली आहे.

लग्न लागलं म्हणे. मी गेले नाही.

१९ जानेवारी, सोमवार

पो. स्टे. माझ्या गाडीचे कागद सगळे व्यवस्थित. विमा चालू. मी जरा ऐटीतच पुढे केले. मग पास्कोलचं लायसन मागितलं. त्याने पाकिटातून काढलं. हवालदाराने उलटं-सुलटं केलं, दिव्याखाली धरलं.

मुदत संपून चौदा महिने झाले.

हवालदार मला म्हणाला, "बाई, मागच्या रविवारी चौकात माझी ड्युटी होती. पूर्ण भाषण ऐकलं तुमचं." हसला नाही. चहा मागवला. टोमणा मारला असता तर मी उत्तर तरी दिलं असतं.

घरी आल्यावर आठवलं. नाही, खोटं कशाला लिहू? तिथेच आठवलं होतं. गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात ओट्यावर चहा पिताना पास्कोल म्हणाला होता, "बाई, लायसन संपतोय. डॉक्टरचा दाखला काढून एक दिवस जायला पायजे." आणि मी म्हणाले होते, "पाण्याची परिषद होऊ दे, मग जा. आधी मला पालघरला कोण नेणार?"

परिषद झाली. मग दुसरी सभा. मग पाऊस. तो विसरला. मी विसरले.

२१ जानेवारी, बुधवार

नीता आली. माझी विद्यार्थिनी, आता वकील. शाळेत हिला मी वादविवादासाठी उभी करायचे तेव्हा ही टेबल घट्ट धरून ठेवायची. आज मी धरलं.

तिने समजावलं ते असं. लायसन संपलेला माणूस चालवत होता म्हणजे विम्याची अट मोडली. विमा कंपनी सुनीलला भरपाई देईल, पण नंतर ती माझ्याकडून वसूल करायला येईल. फक्त त्यांना दाखवावं लागेल की मालकाला हे ठाऊक होतं, किंवा मालकाने काळजीच घेतली नाही. वर मालकाच्या नावाने वेगळा गुन्हा आहेच. मोटार वाहन कायदा, कलम पाच. पुस्तक काढून स्वतः वाचलं. परवाना नसलेल्याला मालकाने वाहन चालवू देऊ नये. शिक्षा एकशे ऐंशीत, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. किती साधं वाक्य. माझ्या भाषणापेक्षा साधं.

"म्हणजे सगळं एका प्रश्नावर आहे, बाई. तुम्हाला ठाऊक होतं का?"

मी बोलायला तोंड उघडलं. नीता म्हणाली, "आत्ता मला सांगू नका. खोटं बोला असं मी कधीच म्हणणार नाही, तुम्ही शिकवलंयत मला. पण बोलण्याआधी दोन दिवस विचार करा, हेही तुम्हीच शिकवलंयत."

वसुली आली तर वाडीचा पूर्वेकडचा तुकडा जाईल. सासऱ्यांनी लावलेले नारळ आहेत त्यात.

२३ जानेवारी, शुक्रवार

सुनीलला भेटून आले. मांडीत सळई घातली आहे. तीन महिने उभं राहायचं नाही. त्याची आई म्हणते, "वो चाचा रोज आते हैं. केले लाते हैं. इतने केले कौन खाएगा?" पूर्ण वॉर्ड खातोय. नर्सला सुद्धा पास्कोलची वेलची केळी ठाऊक झाली.

सुनील हसून म्हणाला, "आजी, चाचाको बोलो रोना बंद करे. पैर मेरा टूटा है."

२६ जानेवारी, सोमवार

शाळेत झेंडावंदन. बोलायला उभी केली. कायदा हा शब्द आला आणि पुढचं वाक्य आलं नाही. चार मिनिटांत बसले. मुख्याध्यापकांनी तब्येत विचारली.

रिक्षाने घरी आले.

२९ जानेवारी, गुरुवार

नीताचा फोन. पास्कोलने पोलिसांना दिलेल्या जबाबात लिहून दिलं आहे: "लायसन संपल्याचे मी मालकीणबाईंपासून लपवून ठेवले. त्यांना काहीही माहीत नव्हते."

तशीच रिक्षा करून सांडोरला. पास्कोल केळीच्या बुंध्यापाशी, हातात कोयता. मला बघून कोयता मागे लपवला, जणू तोच गुन्हा.

"हे काय लिहून दिलंस?"

"जे झालं ते."

"पास्कोल, चौथीत तू माझी पाटी फोडलीस आणि मास्तरांना सांगितलंस मांजर आलं होतं. तेव्हाही तुला खोटं बोलता येत नव्हतं."

"तवा मास्तरांनी मानलं व्हतं ना? मग पोलीस पन मानतील."

"अरे, तू मला फसवलंस असं होतंय कागदावर! सगळा बोजा तुझ्यावर येईल. अकरा वर्षं चालवतोयस तू माझी गाडी, आणि सरकारी कागदावर काय राहणार, पास्कोल लबाड?"

"राहू दे ना. मला कोन वळखतो? मी केळी विकतो. लबाड मानसाची केळी कडू लागतात काय?" मग कोयता खाली ठेवला. "बाई, तुझं नाव हाय. तू उद्या टँकरवाल्यांसमोर उभी राहिलीस की ते काय बोलतील? तुझं तोंड बंद झालं तर आमी कोनाच्या तोंडाने बोलायचं?"

मी कोयता उचलून बुंध्याला टेकवून ठेवला. 

त्याची बायको मार्था चहा घेऊन आली. आमची तोंडं बघून ट्रे घेऊन परत गेली.

३० जानेवारी, शुक्रवार

विचार करत बसले. पुस्तकं उघडली, मिटली. न्याय, कर्तव्य, सत्य, सगळ्यांवर माझ्या समासात खुणा. पेन्सिलीने कसे ठासून लिहिलेले शेरे! एकाही शेऱ्यात पास्कोल नाही.

मी गप्प बसले तर कोणाचं काय जातं? सुनीलला भरपाई मिळेल. नारळ राहतील. माझा आवाज राहील. फक्त एक माणूस खोटा ठरेल, आणि तो स्वतः हौसेने ठरायला तयार आहे.

इतकं स्वस्त कधी कोणी मला काही देऊ केलं नव्हतं. म्हणूनच भीती वाटते. मी घेईन याची.

१ फेब्रुवारी, रविवार

पास्कोल आला नाही. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ओट्यावर चहा ठरलेला असतो. दहापर्यंत कप पालथा घालून बसले.

त्याच्याऐवजी मार्था. हातात केळ्यांचा फणा, तोंडावर राग.

"बाई, तो घरात कोनाशी बोलत नाय. म्हनतो, बाई माझा जबाब खोटा पाडनार, मग मी पोलिसासमोर खोटारडा ठरनार. आता लबाड ठरतोय ते त्याला चालतं, तुझ्यासाठी. पन तू त्याला खोटारडा ठरवलास तर नाय चालनार. बाप्यांचं डोकं कसं चालतं, देवाला म्हायती."

"तुला काय वाटतं, मार्था?"

 अंगणातली मांजर बघत राहिली. मग म्हणाली, "मला काय वाटायचं? माझ्या नातवाने इचारलं, आजोबांनी टीचरला फसवलं काय? शाळेत पोरं बोलतात. मी त्याला सांगितलं, जेव."

जाताना दारातून, "केळी आजच खा. पिकलेत."

३ फेब्रुवारी, मंगळवार

विमा कंपनीचा चौकशी करणारा माणूस. तरुण, नम्र, घामाघूम. स्टेशनवरून चालत आला होता. पाणी दिलं, पापडीची भाजी-भाकरी दिली. संकोचला, पण दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मग फॉर्म काढला. "मॅडम, एकच महत्त्वाचा प्रश्न. चालकाच्या लायसनची मुदत संपल्याचं आपल्याला माहीत होतं का? हो किंवा नाही."

बाहेर कोणीतरी भाजीवाल्याशी घासाघीस करत होतं. ते ऐकत राहिले.

म्हटलं, "परवा सकाळी या. लिहून देते."

"मॅडम, नाही असेल तर आत्ताच टिक करतो. आपल्यालाच सोपं."

"ठाऊक आहे सोपं आहे ते. परवा या."

नीताला फोन केला. तिला सांगितलं, मला ठाऊक होतं. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. मग म्हणाली, "बाई, तुम्ही 'हो' म्हणालात तर काकांचा जबाब खोटा ठरेल. तो त्यांनी स्वतःहून आधी दुरुस्त केला तर त्याचा अर्थ वेगळा होतो. पुरवणी जबाब देता येतो. पण तो त्यांनाच द्यावा लागेल. तुमच्या आधी."

४ फेब्रुवारी, बुधवार

हे पान वहीतून उतरवून घेतलं आहे आणि मार्थाच्या हाती पाठवते आहे. इथे वहीत तसंच राहू दे.

पास्कोल, चष्मा लाव. भाषण नाही, इतिहासही नाही.

तू म्हणालास, माझं तोंड बंद झालं तर तुम्ही कोणाच्या तोंडाने बोलायचं. अरे, तुझं खोटं गिळून जे तोंड उघडेल ते माझं असेल का? टँकरवाले मला बोलतील ते बोलू देत. त्यांचं बरोबरच असेल. मी म्हणेन, हो, मीही चावी दिली, ठाऊक असून दिली, आणि भरते आहे. तेवढं म्हणता आलं तर मी उभी राहीन. ते म्हणता आलं नाही तर गप्प बसेन. तुझ्या नावावर चढून मला उभं राहायचं नाही.

नारळांचं म्हणशील तर ते माझे. मी बघेन. तू त्यात पडू नकोस.

चूक दोघांची आहे. तू सांगितलंस आणि गेला नाहीस. मी ऐकलं आणि जाऊ दिलं नाही. माझी मोठी. पण तू सगळी उचलून घरी नेलीस. इतकी वर्षं माझ्या पिशव्या उचलल्यास तशी. ही दे. ही माझी मलाच उचलायची आहे.

तुझ्या नातवाला तू काय सांगणार ते मला ठाऊक नाही. तू येशील की नाही, तेही नाही. मार्था म्हणते, तुझं काही सांगता येत नाही, आणि तिला मी पन्नास वर्षांत एकदाही चुकीचं बोलताना ऐकलेलं नाही.

विम्याचा माणूस उद्या सकाळी अकरा वाजता येणार आहे. मी 'हो' लिहिणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. पण मला तू आधी हवा आहेस.

उद्या सकाळी साडेनऊला पोलीस स्टेशनला ये. मी फाटकापाशी उभी असेन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. सरळ आत जा आणि पुरवणी जबाब दे: बाईंना मी सांगितलं होतं.