दुसरे प्रकरण कोणीच वाचले नाही

॥ श्री ॥

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
४ ऑगस्ट २०२५

ती. गं. भा. सारजाअक्का हिला,
धाकटा भाऊ आप्पा याचे शि. सा. न. वि. वि.

अक्का, फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्याजोगे नाही, म्हणून लिहितो. येथे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत, हे आधीच सांगतो; पुढचा मजकूर वाचून तुला निराळी शंका येईल.

श्रावणात आमच्या मंदिराच्या सभागृहात साखळी पारायण होते, हे तुला ठाऊक आहे. पोथीच्या एकवीस अध्यायांच्या एकवीस चिठ्ठ्या उचलायच्या, ज्याला जो अध्याय येईल तो त्याने घरी वाचायचा आणि सर्वांचे मिळून एक पारायण पूर्ण झाले असे मानायचे. यंदा ग्रंथालयात काम करणाऱ्या सुलेखाने सुचवले, की पोथीच्या जोडीला एखादे आजचे पुस्तकही घ्यावे. तिने आणली एक कादंबरी, शहरातल्या एका खुनाची. मी नाक मुरडले. ती म्हणाली, की आप्पा, यात खुनी कोण हे शोधायचे नाही, तो माणूस म्हणून कसा आहे हे पाहायचे आहे. प्रकरणेही नेमकी एकवीस निघाली. तेव्हा मंडळाचा अध्यक्ष या नात्याने मीच फर्मान काढले, की हीसुद्धा साखळीनेच वाचायची आणि दुसऱ्याच्या प्रकरणात कोणी डोकावायचे नाही.

काल रविवारी चर्चेला बसलो. त्या कादंबरीचा नायक मुरलीधर घड्याळे दुरुस्त करतो. मनकर्णाबाईंच्या वाट्याला आलेल्या प्रकरणात तो आजारी आईची वेणी घालतो. त्यांनी शपथेवर सांगितले, की असा लेक लाखात एक. बारावे प्रकरण वाचलेले निवृत्त फौजदार म्हणाले, की बाई, तुमचा लेक पक्का हलकट आहे. माझ्या प्रकरणात तो बंद पडलेले घड्याळ एका शाळेला फुकट चालू करून देतो, त्यामुळे मी मनकर्णाबाईंच्या बाजूचा. एकाच माणसाविषयी एकवीस माणसे अशी भांडत होती, जणू एकवीस निरनिराळे मुरलीधर सभागृहात बसले आहेत. हसून पुरेवाट झाली.

चौदावे प्रकरण इंद्रजीतच्या वाट्याला होते. होय, तोच, तू माझ्या दीपमालेसाठी स्थळ म्हणून सुचवलेला, खुलताबादच्या रोपवाटिकेचा इंद्रजीत. पत्नी वारल्यावर पुन्हा उभा राहिलेला, मितभाषी, स्वच्छ माणूस असे तू लिहिले होतेस आणि मलाही तो तसाच वाटला होता. दर रविवारी येतो, खाली बसतो, ऐकतो. त्याच्या प्रकरणात मुरलीधर खून करून खाणावळीत जातो आणि पुन्हा वरण मागून घेतो. मनकर्णाबाई म्हणाल्या, की लेखक खोटारडा आहे, अशा वेळी मनुष्याच्या घशाखाली घास उतरत नाही. मीही अनुमोदन दिले. वर, अशा पातकानंतर देहधर्मसुद्धा थिजतात, असे शास्त्राधाराने प्रतिपादन केले.

तेव्हा इंद्रजीत खाली मान घालून म्हणाला, की नाही आप्पा, भूक लागते. लई लागते. मलाही लागली होती.

फौजदार हसले. त्यांना वाटले थट्टा आहे. तो थट्टा करत नव्हता. त्याने सांगितले, की आपल्या भागीदाराचा जीव त्याच्या हातून गेला आणि त्याबद्दल तो हर्सूलच्या तुरुंगात शिक्षा भोगून आला आहे. सांगताना तो एकट्या माझ्याकडे पाहत होता, जणू हे मला ठाऊकच आहे.

अक्का, मी पाणी मागितले. दीपमाला उठली, तांब्यातून पाणी ओतले आणि पेला नेऊन त्याच्यापुढे ठेवला.

येत्या पंधरवड्यात सुपारी फोडायची आपण ठरवले होते. तुला हे ठाऊक नसेल, तर आपण दोघे फसवले गेलो. आणि ठाऊक असेल, तर काय म्हणावे ते मला सुचत नाही. उलट टपाली लिही.

तुझ्या मायेत अंतर पडले नसावे, अशी अपेक्षा धरून थांबतो.

आप्पा

---

खुलताबाद
७ ऑगस्ट २०२५

चि. आप्पा यास,
अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तीनदा वाचलं. मला ठाऊक होतं.

आता पत्र खाली ठेवू नको, पुढं वाच. इंद्रजीतची आई गीताबाई माझी शेजारीण. तो आत गेला तेव्हा गावात तिच्याशी कुणी बोलंना. तिला एकटीनं हर्सूलला भेटीला जायचं भ्या वाटायचं, म्हणून मी सोबत जायची. तुला सांगायची, की शहरात डोळे दाखवायला आले. आप्पा, इतक्यांदा डोळे दाखवणाऱ्या बाईला एकदा तरी चष्मा लागला का, हे तुझ्यासारख्या विद्वानाला कधी विचारावंसं वाटलं नाही!

त्याची बायको त्या दिवसांतच वारली. आई तो सुटायच्या आधी गेली. सुटून आला तो माझ्याच ओट्यावर बसला. मग त्यानं रोपवाटिका उभी केली. आज माझ्या दारची सीताफळं त्याच्या हातची आहेत.

दीपमालाला त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं, चहा यायच्या आधी. मी तिथंच होते. चहा आला, तशी कप पुढं करून पोरगी म्हणाली, की आता चहा घ्या. तुला तिचं तीच सांगणार होती. रोज सांगीन म्हणायची आणि रोज तू पूजेला बसलेला असायचा. बाबाला एवढी भिते ती, व्हय. पन्नाशीकडं निघालेली बाई.

आता माझं ऐक. इंद्रजीत मला दर भेटीला विचारायचा, की आप्पांना सांगितलं का? मी म्हणायची, सांगितलंय, त्यांची ना नाही. म्हणजे तो तुझ्याकडं बघून बोलला ते त्याला वाटलं तुला ठाऊक आहे म्हणून. त्यानं काही लपवलं नाही. खोटं बोलले ती मी. लग्न लागून गेलं, की तू आपसूक निवळशील असं मला वाटलं. राग धरायचा तर माझ्यावर धर.

पाकिटात राखी आहे. राग असला तरी बांध. सोडायची असेल तर नारळीपौर्णिमा उलटल्यावर सोड.

दोन शब्द कडू लिहिलेस तरी चालतील, पण लिहीत राहा.

सारजाअक्का

---

पुंडलिकनगर
१४ ऑगस्ट २०२५

ती. अक्का हिला,
आप्पाचे शि. सा. न. वि. वि.

राखी बांधली. दीपमालेकडून बांधून घेतली. तिच्याशी बोलणे बंद होते, हात मात्र पुढे केला. गाठ मारून झाल्यावर ती म्हणाली, की बाबा, मी परवानगी मागत नाही. माझे वय परवानगीचे नाही. तुमच्या अक्षता डोक्यावर पडाव्यात एवढेच मागते, आणि त्या पडणार नसतील तर नोंदणी करून त्या माणसाच्या घरी जाईन, पण त्या अक्षतांवाचून आयुष्यभर माथा रिकामा वाटेल. मी देवघरात निघून गेलो. अक्का, ज्या मुलीला मी स्तोत्रे शिकवली, तिच्या पोटात एवढी गोष्ट इतके महिने राहिली आणि मला तिच्या चेहऱ्यावर काही वाचता आले नाही. त्या माणसाच्या बोलण्याने मी हादरलो होतो, पण या गोष्टीने त्याहून अधिक.

मंडळात दोन तट पडले आहेत. फौजदार म्हणतात, त्याने पुन्हा सभागृहात पाऊल टाकता कामा नये. गंमत अशी, की तुरुंगाचे जग पाहिलेला हा एकच माणूस आमच्यात आहे आणि सर्वांत अधिक घाबरला आहे तोच. मनकर्णाबाई म्हणतात, येऊ द्या. पण त्या त्याच्या शेजारी बसणार नाहीत. निर्णय त्यांनी माझ्यावर सोपवला आहे. मी एवढेच सांगितले, की अगोदर ती कादंबरी आरंभापासून अखेरपर्यंत वाचतो, मग बोलतो. आपणच घालून दिलेला नियम मोडून वाचायला बसलो.

दुसऱ्या प्रकरणाशी थबकलो. ते आमच्या मंडळातल्या सखारामच्या वाट्याचे होते. सखाराम त्या रविवारी भाच्याच्या वास्तुशांतीला गेला होता; वाचलेही नव्हते, आलाही नव्हता. ते प्रकरण मेलेल्या माणसाचे आहे. तो जागेचा दलाल. कुत्र्यांना भितो, म्हणून लांबच्या रस्त्याने घरी जातो. मुलीसाठी बांगड्या घेतो आणि माप चुकले तर चढवताना फुटतील म्हणून काचेच्या न घेता प्लास्टिकच्या घेतो. पुढे त्याला कसे मारले, ते आम्हाला ठाऊक होते. तो कोण होता, हे वाचले मी एकट्याने, आणि तेही आता.

पोथीचा एक अध्याय राहिला, तर आम्ही पारायण खंडित झाले म्हणून पुन्हा आरंभ करतो. येथे अख्खे प्रकरण राहिले आणि कोणाच्या ध्यानातही आले नाही; तुला लिहितानाही मी एकवीस माणसे भांडली असेच लिहिले. मारणाऱ्याचे मन कोमल की कठोर, यावर दोन तास वाद घातला.

मग तुझे पत्र पुन्हा काढले. इंद्रजीतची आई त्यात आहे, पत्नी आहे, सीताफळे आहेत. ज्याचा जीव गेला, त्याचे नाव नाही. मीही पहिल्या पत्रात विचारले नाही. माझी मुलगी कोणत्या घरी जाते याची चौकशी मी अनेक अंगांनी केली असती. हे एक अंग सुटले.

नाव कळव, आणि घरचे कोणी आहे का, तेही. त्याशिवाय हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार मला आहे, असे मला वाटत नाही.

शब्द कठोर वाटले, तर त्यामागचा भाऊ आठव.

आप्पा

---

खुलताबाद
१९ ऑगस्ट २०२५

चि. आप्पा यास,
अक्काचे अ. उ. आ. वि. वि.

कडुबा. त्याचं नाव कडुबा. दोघांचं टायरचं दुकान होतं. भांडण कशावरून झालं ते इंद्रजीतलाही आता धड सांगता येत नाही. हातात टायर उचकटायची लोखंडी टॉमी होती. एकच फटका.

त्याची म्हातारी आई हाय, भागूबाई. हर्सूलला, तलावाच्या बाजूला राहती. आप्पा, मी एवढ्या वर्षांत हर्सूलला उतरले, तुरुंगाच्या दारात गीताबाईचा हात धरून उभी राहिले, आणि तिथून चालत जाण्यासारखं ते घर, तिथं एकदाही गेले नाही. कुणी नको म्हणलं नव्हतं. मनातच आलं नाही. तुझं पत्र वाचल्यापासून तेच एक डोक्यात हाय.

तू जाणार आहेस हे मला कळलंय. रिकाम्या हातानं जा. देवाधर्माचं काही तिला ऐकवू नको.

परत आलास की आधी पोटभर जेव, मग मला लिही.

सारजाअक्का

---

॥ श्री ॥

पुंडलिकनगर
२५ ऑगस्ट २०२५

चि. इंद्रजीत यास,
आप्पाचे अ. उ. आ.

तुला पहिल्यांदाच पत्र लिहीत आहे. वरचा मायना लिहिण्यापूर्वी दोन कागद फाडले. ‘श्री.’ लिहून पाहिले, ते परक्याला लिहिल्यासारखे झाले. ज्याच्या हातून दुसऱ्याचे आयुष्य संपले, त्याला चिरंजीव हो म्हणावे का, असा प्रश्न होता. लिहिले आहे. का लिहिले, ते पुढे वाच.

काल मी हर्सूलला भागूबाईंकडे गेलो होतो. दारात माझे नाव सांगितले, कशासाठी आलो तेही सांगितले. वाटले होते, दार लावतील. त्यांनी खाली बसायला पोते टाकले. म्हणाल्या, की माफीचं इचारायला आला असाल, तर चहा पिऊन जा, माफी नाय. मी म्हणालो, मी कडुबाविषयी ऐकायला आलो आहे. त्या म्हणाल्या, त्याचं नाव घेऊन या दारात आजवर पोलीस आले, वकील आले. ऐकायला कुणी आलं नाय.

मग त्या बोलल्या. कडुबा जेवताना भाकरीचा पापुद्रा सोलून आधी खात असे, आणि लहानपणी बहिणीच्या ताटातलाही पळवत असे. ट्यूबमधली हवा गालावर सोडून पोरांना हसवत असे. तुझेही नाव त्यात आले. तुम्ही दोघे एका ताटात जेवला आहात, त्यांच्या हातचे. तू मला हे सांगितले नव्हतेस. दीपमालेला तरी सांगितलेस काय?

मुलीचे लग्न तुझ्याशी ठरत आहे, हे मी लपवले नाही. त्या म्हणाल्या, की करा, नका करू, ते तुमचं. तो मरावा असं मला वाटत नाय, तो गेला तर तेवढंबी जाईल. तेवढे म्हणजे काय, ते मला तेव्हा उमगले नाही; पण वर चिरंजीव लिहिले, ते त्यांच्या याच शब्दावर. चहा पिऊन निघताना त्यांनी माझी बाही धरली. म्हणाल्या, कोर्टात समदं सांगितलं, हत्यार दाखवलं, रक्ताचा कागद वाचला. माझं लेकरू पडताना काही बोललं का, ते कुणी सांगितलं नाय. तिथं दोघंच होते. एकाला ठाऊक असंल.

इंद्रजीत, आयुष्यभर मी मरणाविषयी वाचत आणि सांगत आलो. अंतकाळी मुखी काय यावे, यावर प्रवचने केली. त्यातले काहीच त्या दारात उपयोगाचे नव्हते. बाही सुटली तसा निघालो.

पितृपक्ष तोंडावर आहे. त्याआधी तू त्या घरी जा. मध्यस्थ नको, अक्का नको, दीपमाला नको. त्यांनी विचारलेले सांग. तो काहीच बोलला नसेल, तर तेही सांग. त्यांचे समाधान करण्यासाठी रचून मात्र सांगू नकोस. कदाचित त्या तुला मारतील, हाकलतील, किंवा जेवायला वाढतील. जे होईल ते होऊ दे. मी बाहेर रस्त्यावर थांबेन. तुला बाहेर यायला कितीही वेळ लागला, तरी हलणार नाही.

तुळशीचे लग्न झाल्यावर सभागृहातच कार्य करू. मंडळाला मी सांगितले आहे. फौजदार आले नाहीत, तर अक्षता मी दोन हातांनी टाकीन. पण तू हर्सूलला गेला नाहीस, तर माझ्या हातून त्या पडणार नाहीत, आणि हे दीपमालेलाही मी सांगितले आहे. नंतर स्वयंपाकघरात तिच्या रडण्याचा आवाज आला. तो रागाचा नव्हता.

आणखी एक. तू त्या घरातून बाहेर आलास, की कडुबा पडताना काय बोलला होता, ते मला सांगू नकोस. ते भागूबाईंचे आहे.

येण्याचा दिवस कळव. आशीर्वाद आहेतच.

आप्पा