निवडून ठेवलेली स्त्रीबीजं

४ एप्रिल
वैशाली चुलतभावाच्या लग्नाला सिल्लोडला गेली. तिचा पीएच.डी.चा प्रबंध देऊन झालाय, तोंडी परीक्षा महिनाअखेर. जाऊ दे म्हटलं. तोवर शेळ्यांच्या स्त्रीबीजांचं काम मी बघणार.

५ एप्रिल
कत्तलखान्यातून रफिकभाई अंडाशयांचा थर्मास घेऊन आले. मला एप्रनमध्ये बघून, "आज मॅडम खुद? फिर तो बकरियाँ भी अटेन्शन में रहेंगी." हसू आलं, दाखवलं नाही.
स्त्रीबीजं काढली. एक डिश साधी, एक मेलाटोनिन घातलेली, बीजं जास्त पिकावीत म्हणून. हाताला लागली तशी, एक इकडे, एक तिकडे. इन्क्युबेटरमध्ये.

६ एप्रिल
फरक नाही. दोन्हीकडे सारखीच पक्व झाली. वै.च्या प्रबंधात मेलाटोनिनची डिश दर वेळी कितीतरी पुढं. माझा हात बसला नसेल. किंवा औषध जुनं. नवी बाटली फोडते.

८ एप्रिल
नव्या बाटलीचंही तेच.

९ एप्रिल
वै. आली. हातावर मेंदी, डब्यात लाडू. म्हटलं, बस, डिशा कशा लावतेस दाखव. हात सवयीनं चालला: भोवती पेशींचा दाट झुबका असलेली उमदी बीजं आधी टिपली, सगळी मेलाटोनिनमध्ये. उघडी-बोडकी उरली ती साध्यात टाकायला गेली आणि थांबली.
"दर वेळी असंच?"
"औषध चांगलंच हाय मॅडम. मी फक्त त्याला चांगली बीजं दिली."
"कळत होतं तुला?"
"तुम्ही रोज विचारायच्या, फरक आला का. नाय म्हटलं की दोन दिवस बोलायच्या नाय."
तोंड माझं कडू असेल. हात तिचा होता.
लाडू तसेच टेबलावर.

१० एप्रिल
याच निकालावर दोघींच्या नावानं लेख छापून आलाय. जिल्ह्यातल्या पशुवैद्यांपुढे मी छातीठोक सांगितलं, या औषधानं शेळीची बीजं जास्त पिकतात. ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. सगळं ठाऊक असून.

११ एप्रिल
सांगितलं: परीक्षा पुढं ढकल. प्रयोग पुन्हा कर, बीजं मी वाटीन, कुठली डिश कसली ते तुला कळणार नाही. लेख मागं घेऊ. "व्हय मॅडम" म्हणाली. बरं वाटलं जरा.
संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन. शेळ्या राखून शिकवलंय पोरीला. "बाई, कान उपटा तिचे, पण परीक्षा नका अडवू. पावण्यारावळ्यांत सांगून बसलोय." बघते म्हटलं.

१५ एप्रिल
विभागप्रमुखांनी बोलावलं. वै.नं मार्गदर्शक बदलून मागितलाय. कारण: मॅडम मानसिक त्रास देतात. अर्ज अकरा तारखेचा. म्हणजे "व्हय मॅडम" म्हणाली, आणि तिथून सरळ…
प्रमुख म्हणाले, "तुम्ही आता निवृत्तीला आलात, ताणू नका. पोरीचं आयुष्य आहे."
आणि लेखावर माझं नाव आहे त्याचं?

१६ एप्रिल
जिन्यात गाठ पडली. वाकली, नेहमीसारखी पाया पडायला. "राग नका धरू मॅडम. एवढी परीक्षा होऊन जाऊ द्या, मग तुम्ही म्हणाल तसं करते."
मी पाय मागं घेतले. तिचा हात तसाच पायरीवर टेकलेला. वर बघितलं नाही तिनं.
सोमवारी प्रमुखांसमोर दोघींना बोलावलंय. काय सांगायचं ते ठरलंय: लेख मागं, प्रयोग पुन्हा, मगच परीक्षा. ती शेजारच्या खुर्चीत असताना सांगता येईल का, ते ठाऊक नाही.