मावशी निघण्याआधी खंड्या

३ जानेवारी
नवी लेन्स आली. माझ्या हातापेक्षा लांब. संकल्प: या महिन्यात खंड्याचा असा फोटो काढायचा, की फोटोग्राफी क्लबातल्या दाढीवाल्याने कॅमेरा विकून टाकावा. तो रोज सकाळी ग्रुपवर मासा धरलेला खंड्या टाकतो. किळस येते. खंड्याची नाही, दाढीवाल्याची.

६ जानेवारी, पहाट
पाणथळीवर गेलो. निसर्ग फोटोतच बरा. प्रत्यक्षात वास मारतो. कुजलेलं गवत, मेलेले मासे. बुटात चिखल. मोज्यात काहीतरी वळवळलं. काय ते कळलं नाही, कारण मोजा न बघताच भिरकावला. खंड्या आला, मी फोकस करेपर्यंत गेला. पक्ष्यांना शिस्त म्हणून नाही.

७ जानेवारी
मावशी आली. आईची धाकटी बहीण, परदेशात असते. गुडघे गेलेत, पुन्हा एवढा प्रवास झेपायचा नाही म्हणाली. आई म्हणाली, आमचा दोघींचा एक चांगला फोटो काढ रे, लग्नं झाल्यापासून एकत्र एकही नाही. मी समजावलं, मी वाइल्डलाइफवाला, माणसं काढत नाही. मावशी म्हणाली, आम्ही तरी कुठे फारशा माणसाळलोय? दोघी खो खो हसल्या. मी नाही.

११ जानेवारी
बायकोने लावूनच धरलं म्हणून हॉलमध्ये कॅमेरा लावला. या लेन्सला अंतर लागतं. मागे सरकत सरकत जिन्यात पोहोचलो. तरी आईचा एक कान आणि मावशीच्या चष्म्याची काडी, एवढंच मावलं. बायको म्हणाली, मोबाईलवर काढा की. मोबाईल! सर्जनच्या हाती कोणी भाजीची सुरी देतं का? मावशी निघेल त्या दिवशी बागेत, छान उजेडात काढतो, असा शब्द दिला. आपला शब्द म्हणजे शब्द.

१५ जानेवारी
पालापाचोळ्याचा पोशाख घालून पाणथळीलगतच्या शेताच्या बांधावर बसलो. शेतकरी आला. आधी त्याचा कुत्रा आला. कुत्र्याने माझ्यावर जे केलं ते इथे लिहीत नाही. शेतकरी म्हणाला, माफ करा साहेब, त्याला तुम्ही झुडूप वाटलात. म्हणजे पोशाख उत्तम आहे.

१८ जानेवारी, पहाट
मावशी आज जेवून निघणार. खंड्या उजाडताना येतो. मी चहाला घरी. हिशेब चोख.

१८ जानेवारी, संध्याकाळ
ट्रायपॉड पाण्यात रोवला. उजेड बघायला चार पावलं मागे आलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. तेवढ्यात खंड्या आला, मासा घेऊन. आणि बसला कुठे? माझ्या लेन्सवर! तिच्यावरच मासा आपटून आपटून मारला, गिळला, पिसं साफ केली, निवांत शिटला. उजेड अप्रतिम. हात पोहोचेना. मोबाईल मी तत्त्व म्हणून गाडीत ठेवतो.

दुपार कलल्यावर त्या कुत्रेवाल्या शेतकऱ्याने दोर टाकून ओढून काढलं. बूट अजून तिथेच आहेत.

घरी आलो तर मावशी गेलेली. बागेत दोन खुर्च्या समोरासमोर. बायकोने फोनवर फोन केले होते म्हणे. विमानकंपन्यांना माणसाची कदर नाही. मी बायकोला झापलं, मग तू का नाही काढलास मोबाईलवर? ती म्हणाली, काढणारच होते, आईंनी अडवलं. म्हणाल्या, तो येतोच आहे, त्याला वाईट वाटेल.

चिखलाचा वास आंघोळीनंतरही जात नाही.

२० जानेवारी
दाढीवाल्याने ग्रुपवर नवा खंड्या टाकला. पाहिलाच नाही.

लेन्स पुसत बसलो. बाहेर ऊन फार सुरेख पडलं होतं. आईला म्हटलं, चल बागेत, तुझा मस्त फोटो काढतो. ती म्हणाली, एकटीचा काय करायचाय?

कोणाला नावं ठेवावीत, सुचलं नाही.