टर्कीला शिकवलेलं आगतस्वागत

६ ऑक्टोबर, सोमवार
जेवण जात नाही. रविवारी नासारियोची आई आणि घरचे ओफेलियाला मागणी घालायला येणार. ओफेलिया म्हणाली, "बाबा, मागच्यासारखं करू नका हं." मागच्या स्थळाला मी म्हणालो होतो, "कृपया आसन ग्रहण करावे." शाळेतलं तेवढंच वाक्य लक्षात आहे. त्यांना वाटलं, हा आपल्याला परकं समजतो. गेले ते गेलेच. लेक आता अडतीसची.

७ ऑक्टोबर
ओफेलिया म्हणते, "आई म्हणायची तसं म्हणा ना. ये, बस, खा." बायको होती तोवर दारात तीच बोलायची, मी पाहुण्यांच्या टोप्या सांभाळायचो. नासारियोच्या आईला सगळं गाव मानाने दोन्या दोमितिला म्हणतं, तिला एकदम 'ये'? जीभच उचलत नाही.

८ ऑक्टोबर
मोलेच्या रश्श्यासाठी पोसलेल्या टर्कीवर सराव केला. मक्याचे दाणे दाखवले. "ये. आत ये. बस. खा." आला!

१० ऑक्टोबर
आता खुर्चीवर चढून बसतो. रीतभात त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. रविवारी ताटात कोण आहे, ते त्याला सांगितलेलं नाही.

११ ऑक्टोबर
ओफेलियाने सुरी दिली. मी ती तशीच परत आणली.
"कापला?"
"तो बसला होता गं."
बाजारातून कोंबड्या आणल्या.

१२ ऑक्टोबर, रविवार
चौघं दारात. हातात पाव, चॉकलेट. डोळे गच्च मिटून ओरडलो — "ये! आत ये! बस! खा!"
टर्की आला. परसातून, स्वयंपाकघरातून, थेट मोठ्या खुर्चीवर. नासारियोच्या हातातल्या पावाला चोच मारली. ओफेलियाने तोंडावर हात धरलेला. संपलं सगळं, वाटलं. मी दोन्या दोमितिलाकडे वळलो, "कृपया आसन..."
"त्याला ये-बस," ती म्हणाली, "आणि मला कृपया? मी काय कचेरीत आलेय?"
तोंडातून निघूनच गेलं, "बरं, ये. बस. त्याला सरकव जरा."
तिने त्याला सरकवलं. बसली. मोले दोनदा मागून घेतला. लग्न जानेवारीत.

१९ ऑक्टोबर
दोमितिला आली. एकटीच. हातात मक्याची पिशवी. म्हणाली, टर्कीला भेटायला आले. मी म्हटलं, तो परसात आहे, बोलावतो.
"असू दे त्याला," म्हणाली. "तू बस."